बंदरावरून मराठवाड्यात जड माल आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती रस्ते आणि इमारतींचे ठेकेदार, आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट चालवणारे आणि गाडीमालक यांच्यासाठी आहे. बंदर ते साइट या साखळीत पैसा कुठे जातो, तो का जातो आणि कुठे वाचवता येतो, हे प्रत्येक प्रश्नात पाहिलं आहे. कायद्यातले आकडे बदलत असतात, म्हणून मोठा करार करण्याआधी त्या दिवशीचा नियम एकदा पडताळून घ्या.

मराठवाड्यातल्या साइटला बंदरावरून नेमकं काय आणावं लागतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. खडी आणि मुरूम आपल्याच काळ्या पाषाणातून निघतात. सळई जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तयार होते. सिमेंट बहुतेक करून चंद्रपूर-वणी पट्ट्यातून, सोलापूरकडून किंवा कलबुर्गी जिल्ह्यातल्या वाडी, मळखेड, सेडमकडून येतं. फ्लाय ॲश परळीच्या औष्णिक केंद्रातून मिळते. यातलं काही कोणी बंदरावरून द्यायला निघालं, तर आधी साइटपोच भाव मांडून बघा. किनाऱ्यावर टनाला दोनशे रुपये स्वस्त मिळालेला माल चारशे किलोमीटरच्या भाड्यात महाग होतो.

किनाऱ्यावरून आणण्यात खरा अर्थ असतो तो डांबर, एचआर कॉइल (पोलादी पत्र्याची जड गुंडाळी) आणि जाड प्लेट, सिमेंट कारखान्याला लागणारं आयात जिप्सम आणि पेण-डोलवी पट्ट्यातल्या स्टील उद्योगाचं स्लॅग (भट्टीतली मळी) यांना. स्लॅग दोन रूपांत येतं. एक दाणेदार, ओलं. दुसरं दळलेलं, म्हणजे जीजीबीएस, जे बल्करमधून, म्हणजे बंद टाकीच्या गाडीतून, येतं. दोन्हींची गाडी वेगळी, उतरवण्याची तऱ्हा वेगळी. ऑर्डर देताना नुसतं ‘स्लॅग’ म्हटलं तर चुकीची गाडी दारात उभी राहते.

कोणत्या बंदरावरून माल घ्यावा?

माल ठरला की बंदर बहुधा आपोआप ठरतं. न्हावा शेवा हे मुख्यतः कंटेनरचं बंदर आहे. स्टील कॉइल आणि प्लेट मुंबई बंदरात उतरतात. धरमतरच्या खाडीत बार्जमधून माल येतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं जयगड खोल पाण्याचं असल्यामुळे तिथे सुट्या मालाची मोठी जहाजं लागतात.

मराठवाड्याचे यात सरळ दोन भाग पडतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली यांना मुंबई-उरण बाजू सोयीची. लातूर, धाराशिव आणि नांदेडचा दक्षिण भाग यांनी जयगडचा भावही मागवावा. कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर आणि पुढे औसा-लातूर-नांदेड असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा रस्ता मिळतो. बीडला दोन्ही बाजूंचं अंतर फार वेगळं पडत नाही. तिथे परतीचा माल कुठून मिळेल यावर निर्णय घ्या.

गाडी कोणती लावावी?

गाडी टनावर ठरवतात, पण आधी घनमीटर बघायला हवेत. सोळाचाकी टिपरचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून मान्य वजन, ४७.५ टन असतं. रिकामं वजन वजा जाता ३४ टनांच्या आसपास माल बसतो. तिची साधी पेटी साधारण २३ घनमीटरची असते. खडीचा एक घनमीटर दीड टन भरतो, म्हणजे २३ घनमीटरमध्ये ३४ टन, अगदी बरोबर. दाणेदार स्लॅगचा घनमीटर मात्र १.१ टनाच्या आसपास. त्याच पेटीत २५ टन बसले की गाडी काठोकाठ भरते आणि ९ टनांची जागा कागदावरच राहते. स्लॅगसाठी कोळशाच्या वाहतुकीत असते तशी २९ घनमीटरची पेटी मागा. तिच्यात ३२ टनांपर्यंत जातं. भाडं टनावर ठरलं असेल तर हा फरक गाडीमालकाच्या खिशातून जातो, फेरीवर ठरलं असेल तर तुमच्या.

बाकीच्या गाड्यांची पासिंग वजनं साधारण अशी: दहाचाकी २८ टन, बाराचाकी ३५, चौदाचाकी ४२, तीन ॲक्सलचा ट्रॅक्टर आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर मिळून ५५. हे सगळे आकडे गाडी आणि माल धरून आहेत. केंद्राने जुलै २०१८ मध्ये ॲक्सलचं वजन वाढवलं. त्याआधी नोंदलेल्या गाडीचं पासिंग कमी असू शकतं, म्हणून आकडा आरसी बुकावरचाच धरायचा.

बारा मीटरची सळई किंवा प्लेट चाळीस फुटी ट्रेलरवरच घ्या. लहान बॉडीच्या गाडीतून मागे लोंबणारी सळई रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेते. लाल फडकं बांधलं म्हणजे जबाबदारी संपली असं होत नाही.

गाडीत नेमके किती टन भरायचे, हे कसं काढायचं?

आरसी बुकावरच्या रिकाम्या वजनावर हिशोब करू नका. टाकी भरलेली, ड्रायव्हर-क्लीनर बसलेले, ताडपत्री, जॅक, स्टेपनी, दोर असं सगळं धरून गाडी वजनकाट्यावर चढवा. कागदावर १३.२ टन असलेली गाडी प्रत्यक्षात १३.६ भरते. मग ४७.५ मधून १३.६ गेले, राहिले ३३.९. त्यातही दोन-तीनशे किलोची सूट ठेवा, कारण दोन काट्यांत तेवढा फरक पडतोच.

एकूण वजन बरोबर असूनही दंड होऊ शकतो. लोडरवाल्याने सगळा माल मागे टाकला तर मागच्या ॲक्सलवर भार जातो आणि पुढचं चाक हलकं पडतं. अशी गाडी चढावर स्टिअरिंगला साथ देत नाही. पहिल्या दोन बकेट केबिनच्या बाजूला, मग मधोमध, शेवटी मागे, असं भरून घेणं हे ड्रायव्हरचं काम आहे आणि त्याने त्या वेळी खाली उतरून बघायला हवं.

ओव्हरलोडचा दंड किती?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. म्हणजे ५ टन जादा असले तर ३० हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा, तोही आपल्या खर्चाने. काट्यावर जायला नकार दिला तर ४० हजार. माल बाजूला, मागे किंवा वर पेटीबाहेर गेला तर त्यालाही वेगळे २० हजार आहेत.

दंडापेक्षा मोठा खर्च दिसत नाही तो असा: टायर, लीफ स्प्रिंग, ब्रेक लायनर. आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी काटा पावती मागते.

ब्रास आणि टन यांचा घोळ कसा टाळायचा?

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सुक्या खडीचा ब्रास ४.२ ते ४.५ टन भरतो, दाणेदार स्लॅगचा ३ टनांच्या आसपास. वाळूचं गणित सगळ्यात फसवं. पाच-सहा टक्के ओल असलेली वाळू फुगते आणि तिचं आकारमान २० ते ३० टक्क्यांपर्यंत वाढतं. ब्रासने मोजून घेतली तर तेवढी हवा विकत घेतली. किनाऱ्यावरून येणारा सुटा माल टनावरच घ्या आणि ओल किती टक्के धरली आहे ते ऑर्डरवर लिहा.

खडी, वाळू, मुरूम यांसारखं गौण खनिज वाहताना महसूल खात्याचा वाहतूक परवाना गाडीत हवा. स्लॅग हे खनिज नाही, कारखान्याचं उपउत्पादन आहे. पण रात्री तपासणीवर उभ्या असलेल्या माणसाला ते वाळूसारखंच दिसतं. कारखान्याचं चलन आणि बिल ड्रायव्हरच्या हाताशी असू द्या, नाहीतर गाडी तहसील कार्यालयाच्या आवारात उभी राहते.

बंदरात गाडी पाठवण्याआधी काय तयार हवं?

मालाच्या बाजूने बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमकडे दिलेला कागद), कस्टमने माल सोडल्याची आउट ऑफ चार्ज नोंद, माल ताब्यात द्यायची जहाज एजंटची डिलिव्हरी ऑर्डर आणि बंदराचे शुल्क भरल्याची नोंद. गाडीच्या बाजूने आरसी, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी आणि बंदराच्या यंत्रणेत केलेली गाडीची नोंदणी. ड्रायव्हरचं जड वाहनाचं लायसन्स, ओळखपत्र, हेल्मेट, रिफ्लेक्टर जॅकेट, बूट. चपलेवर आलेल्या ड्रायव्हरला गेटवरून परत पाठवतात आणि त्याचा नंबर जातो.

यातलं सगळ्यात जास्त चुकतं ते म्हणजे डिलिव्हरी ऑर्डरची मुदत. ती संपलेली असते आणि दहा गाड्या गेटबाहेर लागल्यावर ते कळतं. गाड्या जालन्याहून किंवा लातूरहून सुटण्याआधी एजंटकडून त्या दिवशीचा फोटो मागवा.

माल भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, मग गाडी दोन दिवस का अडकते?

तीन घनमीटरच्या बकेटचा लोडर एका वेळी ३.३ टन स्लॅग उचलतो. ३२ टनांना दहा बकेट. खरंच पंधरा मिनिटांचं काम आहे. वेळ जातो काट्यावर. प्रत्येक गाडी दोनदा चढते, एकदा रिकामी, एकदा भरून. शंभर गाड्यांची रांग आणि एकच काटा असेल तर एका वजनाला तीन-चार मिनिटं धरूनही दहा-तेरा तास होतात. त्यात शिफ्ट बदलण्याची वेळ, पावसात बंद पडलेलं लोडिंग, गेट पासवर गाडीचा एक आकडा चुकणं.

उपाय एकच: सगळ्या गाड्या एकदम पाठवू नका. जहाज लागलं की सगळ्यांनाच घाई असते. पहिल्या दोन दिवसांची गर्दी ओसरू द्या, पण बंदरात माल ठेवलेल्या प्लॉटचे मोफत दिवस किती आहेत ते आधी विचारून ठेवा. ते संपल्यावर भाडं रोज वाढतं आणि वाट पाहून वाचवलेले पैसे तिथे जातात. हॉल्टिंगची (गाडी अडकून राहिल्याच्या पैशांची) अट बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, लिहिलेली हवी: किती तासांनंतर सुरू, दिवसाला किती, आणि कोण देणार.

ई-वे बिल कधी काढायचं आणि किती दिवस चालतं?

ई-वे बिल म्हणजे माल वाहण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद. गाडी काट्यावरून भरून निघाली, वजन आणि गाडी नंबर नक्की झाला, की काढा. मालाची किंमत ५० हजारांवर गेली की ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे, पण आयात मालावर त्या सवलतीवर विसंबू नका. स्लॅगची एक गाडी लाखाच्या आत बसली तरी बिल काढणं पाच मिनिटांचं काम आहे, अडकलेली गाडी सोडवणं तसं नाही.

मुदत दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. साइट ४५० किलोमीटरवर असेल तर तीन दिवस. १० तारखेला दुपारी ४ वाजता काढलं तर पहिला दिवस ११ तारखेच्या मध्यरात्री संपतो आणि बिल १३ च्या मध्यरात्रीपर्यंत चालतं. अवजड आकाराच्या मालाला मात्र दर २० किलोमीटरला एक दिवस धरतात. गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच वाढवता येते. दुसऱ्या गाडीत माल घेतला तर बिलाच्या भाग-ब मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकायचा. हे विसरल्यामुळे कर भरलेला मालही अडकतो.

बिल्टी, विमा आणि भाड्यावरचा जीएसटी यांत काय बघायचं?

बिल्टीवर मालाची किंमत लिहून घ्या. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार जास्त किंमत घोषित केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच येते. ३० हजारांच्या भाड्यावर ती ३ लाख होते. स्लॅगला पुरतं. २० लाखांच्या कॉइलला पुरत नाही. त्या मालाला वेगळा ट्रान्झिट विमा काढाच, गाडीच्या विम्यात माल येत नाही. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते.

जीएसटीचं थोडक्यात: बिल्टी देणाऱ्या वाहतूकदाराने स्वतः कर लावला नाही तर भाडं देणाऱ्या कंपनीने ५ टक्के भरायचा. इनपुट क्रेडिट घेऊन कर लावणाऱ्या वाहतूकदाराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. दर मागताना कोणत्या पद्धतीने बिल येणार ते विचारा.

न्हावा शेवा किंवा पेणहून कोणता रस्ता घ्यावा?

जालना आणि संभाजीनगरला समृद्धी महामार्ग. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. भरलेल्या गाडीला खरा फायदा कसारा घाटाचा आहे. इगतपुरीच्या बोगद्यातून चढ सौम्य मिळतो, क्लच आणि रेडिएटर दोन्ही वाचतात. संभाजीनगरसाठी माळीवाडा किंवा सावंगी, जालन्यासाठी निधोना इथे उतरायचं. टोल जास्त आहे, पण तो तास आणि डिझेल यांच्यासमोर मांडून बघा. जालन्यापर्यंतच्या जड गाडीला बहुतेक वेळा तो परवडतो.

बीडला बोरघाट, पुणे, अहिल्यानगर ही वाट आहे, धाराशिवला पुण्याहून सोलापूर रस्त्याची. पुण्याभोवती जड वाहनांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या चुकल्या तर चार तास उभं राहावं लागतं. भिवंडीहून माळशेज, अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, परभणी, नांदेड असा राष्ट्रीय महामार्ग ६१ नकाशावर सरळ दिसतो. भरलेल्या सोळाचाकीला पावसाळ्यात माळशेजमधून घालू नका. दरड आली की मागे वळायला जागा नाही.

हजिऱ्याहून म्हणजे गुजरातच्या बाजूने कॉइल येत असेल तर धुळे-चाळीसगाव-कन्नड असा रस्ता धरला जातो. त्याच रस्त्यावरच्या औट्रम घाटात जड वाहनांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये बंदी घातली. वळणाचे किलोमीटर भाड्यात आधीच धरा आणि निघण्याआधी सध्याची स्थिती विचारा.

समृद्धीवर टायर का फुटतात?

काँक्रीट, एकसारखा वेग आणि मे महिन्यातलं ४२ अंशांचं ऊन. टायर फुटण्याचं मूळ बहुतेक वेळा कमी हवेत असतं. हवा कमी असली की टायरची भिंत सतत वाकते, आतून तापते आणि तारा सुटतात. हवा सकाळी, टायर गार असताना, मोजायची. तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडणं ही मोठी चूक आहे. जोडीच्या दोन टायरांत आतल्याची हवा कोणी बघत नाही आणि नेमका तोच जातो. दोन टायरांमध्ये अडकलेला दगड प्रत्येक थांब्याला काढा. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबलं तर टायरही निवतो आणि ड्रायव्हरही.

घाट उतरताना काय पाळायचं?

बंदरावरून येताना मोठा घाट भरून चढायचा असतो, म्हणून उतरण्याकडे दुर्लक्ष होतं. पण बीडजवळचा मांजरसुंबा घाट भरलेल्या गाडीने उतरावा लागू शकतो. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक लावा, पाय ब्रेकवर ठेवून बसू नका. ब्रेक ड्रम तापले की लायनर पकड सोडतात आणि मग कितीही दाबलं तरी गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर फार तर लिटर-दोन लिटर वाचवतो आणि गाडी स्वतःच्या हातातून सोडून देतो. मालकांनी मायलेजचा तगादा लावताना हे लक्षात घ्यावं.

बंदरावरचा आणि साइटवरचा काटा जुळत नाही. चोरी समजायची का?

लगेच नाही. आधी चार गोष्टी तपासा. दोन्हीकडे रिकामं वजन त्याच दिवशी घेतलं का? ड्रायव्हर काट्यावर असताना गाडीत होता की खाली? वाटेत दीडशे लिटर डिझेल जळलं असेल तर सव्वाशे किलो तिथेच गेले. आणि काट्याला वैधमापनशास्त्र विभागाचा चालू शिक्का आहे का?

ओल्या स्लॅगचं पाणी वाटेत निथळतं. दहा टक्के ओलीचं ३२ टन स्लॅग म्हणजे त्यात ३.२ टन पाणी. दोन दिवसांच्या उन्हात एकूण वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी सहाशे किलो कमी भरतात. ताडपत्री नसली आणि पाऊस लागला तर उलट वजन वाढतं. म्हणून अशा मालाचा करार सुक्या वजनावर करा. दोन्ही टोकांना बंद पिशवीत नमुना घ्या, तव्यावर कोरडा करून ओल काढा. कोरड्या मालाला अर्धा टक्का घट चालवून घेण्याची रीत आहे. त्यापुढची घट भाड्यातून कापायची असेल तर तेही आधी लिहा. नाहीतर ड्रायव्हरच्या पगारातून ती कापली जाते, आणि ती बहुतेक वेळा त्याची नसते.

बल्कर उतरवायला काय लागतं?

आधी सायलोत (भुकटी साठवण्याच्या उंच टाकीत) जागा आहे का ते बघा. ३५ टनांचा बल्कर आणि सायलोत २५ टनांची जागा, अशा वेळी भूकटी फिल्टरमधून आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर उडते. पाइप सरळ, वळणं कमी, जोड पक्के क्लॅम्पने बांधलेले. टाकीत दाब हळूहळू चढवायचा, २ बारच्या आत, मग व्हॉल्व्ह उघडायचा. सगळं ठीक असेल तर तास-दीड तासात गाडी मोकळी होते.

अडकतं ते दोन कारणांनी. सायलोचा फिल्टर साफ केलेला नसतो, त्यामुळे हवेला बाहेर जायला वाट नसते. किंवा कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं आणि पाइपमध्ये गोळे होतात. तुंबलेला पाइप दाब असताना उघडणं जिवावर बेततं. आधी कॉम्प्रेसर बंद, दाब शून्य, मग जोड सोडा. सायलोच्या तोंडावर नाव रंगवलेलं असू द्या. सिमेंटच्या सायलोत जीजीबीएस गेलं की पुढचं सगळं काँक्रीट संशयात येतं.

डांबराच्या टँकरची कोणती काळजी?

टँकर दीडशे ते एकशे साठ अंशांना भरतात. मुंबईजवळून नांदेडला पोचेपर्यंत, त्यात एक दिवस हॉल्टिंग झालं तर, डांबर पंपाला येईना इतकं घट्ट होऊ शकतं. मग बर्नर लावून तापवावं लागतं. टाकीतल्या बर्नरच्या नळ्या डांबरात पूर्ण बुडालेल्या असतानाच बर्नर पेटवायचा. अर्धी टाकी उतरवून झाल्यावर नळ्या उघड्या पडतात आणि त्या वेळी पेटवलं तर आग लागते.

सगळ्यात धोक्याचं पाणी. रिकाम्या टाकीत राहिलेलं पावसाचं पाणी गरम डांबराखाली वाफ होतं. वाफेचं आकारमान पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त, त्यामुळे डांबर फेसाळून झाकणातून बाहेर येतं. भरण्याआधी टाकी कोरडी असल्याची खात्री ड्रायव्हरने नाही, भरणाऱ्याने करायची. कोणाच्या अंगावर डांबर उडालं तर भरपूर गार पाणी ओतत राहा आणि चिकटलेलं डांबर ओढून काढू नका, कातडी निघून येते. ते काम दवाखान्यातलं.

ग्रेडची खात्री सील तोडण्याआधी. आयएस ७३:२०१३ प्रमाणे व्हीजी-३० ग्रेडचा पेनिट्रेशन (चाचणीची सुई डांबरात किती रुतते तो आकडा) किमान ४५, व्हीजी-४० चा किमान ३५. सील नंबर चलनाशी जुळवा, नमुना डब्यात भरून तारीख आणि गाडी नंबर लिहून ठेवा. रस्ता उखडल्यावर नमुना मागितला जातो, तेव्हा तो काढता येत नाही.

कॉइल कशी बांधायची?

वीस टनांची कॉइल म्हणजे गोल, जड आणि घसरणारा माल. अचानक ब्रेक लागला की ती पुढे, केबिनवर येते. व्ही आकाराच्या पक्क्या घोडीत बसवा, दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका, साखळी कॉइलच्या डोळ्यातून (मधल्या भोकातून) पुढे आणि मागे दोन्हीकडे ताणून बांधा. कापडी पट्टा वापरणार असाल तर कडेला रबर किंवा पत्र्याचं कवच द्या, कॉइलची धार पट्टा कापते. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून ताण परत तपासा. ५५ टनांच्या ट्रेलरवर वीस-वीस टनांच्या दोन कॉइल बसतात असं सर्रास धरतात. ट्रेलरचं रिकामं वजन १५ टनांच्या वर असेल तर हे ओव्हरलोडच आहे.

साइटवर गाडी का फसते आणि का उलटते?

काळी माती. सुकी असताना दगडासारखी, पहिल्या पावसात लोणी. चाळीस टनांची गाडी तिच्यात दोन फूट जाते आणि काढायला पोकलेन लागतो. रोहिणी-मृगाच्या आधी मुख्य रस्त्यापासून ढिगाऱ्यापर्यंत दगडाचं सोलिंग, वर मुरूम, आणि रोलर. दोन्ही बाजूंना पाणी जायला चर. हा खर्च टाळणारी साइट जुलैमध्ये हॉल्टिंगच्या रूपात तो भरते.

उलटण्याचं कारण दुसरं. टिपरची पेटी वर गेली की भार वर जातो. मागचं एक चाक जरी मऊ भरावावर असलं तरी गाडी कलते. ओला स्लॅग किंवा जिप्सम पेटीच्या पुढच्या टोकाला चिकटून राहतो, मागचा माल सुटतो आणि सगळं वजन उंचावर. अशा वेळी धक्के देत पुढे-मागे करू नका. पेटी खाली घ्या, चिकटलेला माल फावड्याने सोडवा, मग परत उचला. जमीन सपाट आणि कडक हवी, आजूबाजूला दहा मीटरमध्ये माणूस नको.

आणि वर बघा. उचललेली पेटी ७ मीटरच्या आसपास जाते. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार ६.१ मीटरवर असू शकते, शेतात त्याहून खाली. माल ओतण्याची जागा तारेपासून लांब आखा, खुंट्या ठोका. तार लागलीच तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसून राहायचं, बाकीच्यांनी लांब व्हायचं आणि महावितरणला फोन करून लाइन बंद करून घ्यायची. आग लागली तरच बाहेर उडी, दोन्ही पाय जोडून, आणि गाडीला हात न लावता. एक हात गाडीला आणि पाय जमिनीला, यातच जीव जातो.

भाडं बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं?

फेरी मांडा. समजा साइट ४०० किलोमीटरवर आहे. भरलेली गाडी लिटरला २.८ किलोमीटर देते, म्हणजे १४३ लिटर. रिकामी परतताना ४.५, म्हणजे ८९ लिटर. एकूण २३२ लिटर, ९० रुपये धरले तर २०,८८०. माल ३२ टन. टनाला ६५० रुपये फक्त डिझेलचे झाले. त्यात ॲडब्लू (धूर शुद्ध करणारं द्रावण), टोल, ड्रायव्हरचा भत्ता, टायर आणि हप्ता यायचाच आहे. यापेक्षा कमी भाव कोणी देत असेल तर त्याला परतीचा माल पक्का आहे किंवा तो ओव्हरलोड भरणार आहे. कोणतं ते विचारा.

मग दिवस मोजा. भरायला एक, चालायला एक, उतरवून परतायला एक. तीन दिवसांत एक फेरी झाली तर गाडीचे महिन्याला दहा फेरे. हॉल्टिंगचे दोन दिवस वाढले की सहा. हप्ता तोच राहतो. टनाला पन्नास रुपये भाव कमी करून घेण्यापेक्षा साइटवर गाडी तासाभरात रिकामी करून देणारा ठेकेदार वाहतूकदाराला प्यारा असतो, आणि टंचाईच्या दिवसांत गाडी त्यालाच मिळते.

हजार टनांना ३२ फेऱ्या लागतात. दहा गाड्या असतील तर दहा-बारा दिवस धरा, आठ नको.

परतीचा माल काय मिळतो?

साखर, कापसाच्या गाठी, मका, सोयाबीनची पेंड, जालन्याची सळई. पण हे सगळं बॉडीच्या गाडीला किंवा ट्रेलरला. टिपर, बल्कर आणि डांबराचा टँकर रिकामाच परततो. स्लॅग ओतलेल्या पेटीत धान्य भरू नका, धुतली तरी. आयात जिप्सम आणि प्लेट बॉडीच्या गाडीने आणता आली तर भाडं कमी पडतं, उतरवायला मात्र लोडर किंवा क्रेन आणि माथाडी लागतात. वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) कोणाची, हे दोन्ही टोकांना आधी ठरवा.

वर्षात कोणते दिवस टाळायचे?

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना बंदी येते. पेण आणि जयगड दोन्हीकडचा माल थांबतो, साठा आधी करून ठेवा. आषाढीच्या आधी पैठण ते पंढरपूर नाथांच्या पालखीची वाट आणि इतर दिंड्या. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला भाविक पायी निघतात आणि जड वाहतूक वळवली जाते. हंगाम लागला की बीड, लातूर, धाराशिवच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. त्या चार-पाच महिन्यांत तालुक्याच्या रस्त्यावरचा शेवटचा टप्पा उजेडात ठेवा.

एवढा माल रेल्वेने का आणू नये?

चार हजार टनांच्या आसपास एकाच मालाची, एकाच वेळी गरज असेल तर जरूर बघा. उघड्या वाघिणींचा एक रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी, साधारण तेवढा असतो, म्हणजे सव्वाशे ट्रक. पण जालना, दौलताबाद, परभणी किंवा लातूरच्या मालधक्क्यावर तो ठरलेल्या तासांत उतरवायचा असतो, उशीर झाला तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. तिथून साइटपर्यंत ट्रक लागतोच. एका पुलाच्या किंवा तीस किलोमीटर रस्त्याच्या कामाला हे जमत नाही.

एका ड्रायव्हरवर चारशे किलोमीटर चालवलं तर?

कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आहे. भरलेली गाडी ताशी सरासरी ३५ ते ४० किलोमीटर पडते. चारशे किलोमीटरला दहा-बारा तास. त्याआधी तो बंदराच्या रांगेत रात्रभर गाडी दोन-दोन फूट सरकवत जागा असतो, ते कोणी मोजत नाही. दोन ड्रायव्हर द्या, किंवा वाटेत सहा तासांची झोप फेरीत धरा. ‘पहाटे सहाला माल हवा’ असं सांगणाऱ्या साइटने गाडी बंदरातून किती वाजता सुटली ते आधी विचारावं.